‘काही नाही’ आणि नावांची भिंत

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेले एक लहानसे चित्र. अर्धे मातीत गेलेले प्रेत वर उठू पाहते. त्याच्याजवळच्या कागदावर एकच शब्द आहे: ‘नादा’, म्हणजे ‘काही नाही’. मागच्या काळोखात भेसूर चेहरे दाटले आहेत; न्यायाचा तराजू जेमतेम दिसतो.

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या मालिकेतले हे ६९वे चित्र. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये जो कहर केला, त्यातून ही मालिका जन्मली. गोया १८२८ साली वारला. मालिका प्रसिद्ध झाली १८६३ साली. छापताना माद्रिदच्या अकादमीने या चित्राखालची ओळ बदलली. ‘काही नाही. तेच हे सांगते आहे,’ अशा अर्थाची गोयाची ओळ होती. तिचे झाले ‘काही नाही. ते पुढे कळेल’. मेलेल्याची साक्षच फिरवली! आमच्या मते हा मोठा अन्याय होय.

सिंगापूरला हे चित्र परके वाटू नये. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी हे शहर जपान्यांच्या हाती पडले. त्या अंमलातले अत्याचार येथील चित्रकार लिउ कांग यांनी रेखाटले आणि १९४६ साली ‘चॉप सुई’ या नावाने छापले. ती चित्रे घडलेले सांगून थांबतात. गोया पुढे जाऊन विचारतो, एवढे मरून हाती काय आले?

त्याचे उत्तर ऐकून आम्हांला कोहेलेथ आठवला. त्याचा ‘हेवेल’ हा शब्द आपण ‘व्यर्थ’ असा वाचतो, पण मुळात त्याचा अर्थ श्वास, वाफ. वाफ विरते, तरी ती होती. गोयाच्या ‘नादा’त एवढीही ऊब नाही. त्याच्या प्रेताला नावसुद्धा नाही, आणि येथेच हे थोर चित्र आम्हांला अपुरे वाटते.

क्रांजी येथील युद्धस्मारकाच्या भिंतींवर, ज्यांची कबर सापडली नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावे कोरली आहेत. त्यांत हिंदुस्थानी शिपाईही पुष्कळ. आपणही हशकाबा म्हणताना मृताचे नाव घेतो. युद्धाचा हिशेब ‘काही नाही’ असेल; तो गोयाने खरा मांडला. माणसाचा हिशेब मात्र नाव घेणारा कोणी उरेपर्यंत मिटत नाही. म्हणून मंडळींनी हे चित्र जरूर पाहावे, आणि नातवंडांना आपल्या घरातली नावे सांगावीत.