फुकटचा गोल्फ, विकतचा गोल्फ

आपल्या मासिकात क्रिकेटवर लेख आला तर कोणाला नवल वाटत नाही. गोल्फवर लेख म्हटल्यावर मात्र पुष्कळ वाचक पान उलटतील, हे मी ओळखून आहे. मुंबईत असताना आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिला तो ताडदेवच्या विलिंग्डन क्लबच्या कुंपणाबाहेरून, नाहीतर चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवरून जाताना. तो साहेबांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपण धरून चाललो. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मंडळींनी कैसरियाचे 1961 साली सुरू झालेले मैदान सहलीच्या वाटेवर पाहिले असेल, तेवढेच. तरीसुद्धा इंग्लंडमध्ये आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी गोल्फ आवडीने पाहिला. हातात कधी क्लब न धरताही पाहिला. त्याचे कारण साधे होते. दर जुलै महिन्यात तो बीबीसीवर लागत असे आणि संच सुरू केला की समोर येत असे.

आता तो तिथे लागत नाही. यात काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब एक जुनी प्रेक्षक म्हणून मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी हकीकत सांगते. ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा बीबीसीने 1955 सालापासून थेट दाखवली. तिथले शेवटचे थेट प्रक्षेपण 2015 साली सेंट अँड्र्यूज येथून झाले. त्या वर्षी वाऱ्यामुळे खेळ थांबवावा लागला, स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली आणि झॅक जॉन्सन जिंकला. 2016 पासून ही स्पर्धा वर्गणी भरून पाहायच्या स्काय वाहिनीकडे गेली. अमेरिकेत ऑगस्टा येथे एप्रिलमध्ये होणाऱ्या ‘मास्टर्स’चे शेवटचे दोन दिवस 2019 पर्यंत बीबीसीवर थेट दिसत होते, 2020 पासून तेही गेले. रायडर कप तर त्याच्या कितीतरी आधीच गेला होता.

‘फुकट’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा. बीबीसी पाहण्यासाठी परवाना लागतो आणि 2025 साली त्याची वार्षिक फी 174.50 पौंड होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्वी हा परवाना मोफत मिळे. ऑगस्ट 2020 पासून ती सवलत फक्त पेन्शन क्रेडिट घेणाऱ्यांपुरती राहिली. म्हणजे बीबीसीलाही आपण पैसे मोजतोच. पण ते सर्वांसाठी सारखे असतात आणि त्यात बातम्या, नाटके, मुलांचे कार्यक्रम सगळे येते. गोल्फसाठी वेगळा पैसा काढावा लागत नसे, म्हणून ज्याने गोल्फ मागितलाच नव्हता त्याच्याही घरी तो पोहोचत असे.

स्कायचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. सकाळी पहिल्या खेळाडूच्या पहिल्या फटक्यापासून संध्याकाळच्या शेवटच्या पटपर्यंत ते सारे दाखवतात. 2017 साली त्यांनी गोल्फसाठी स्वतंत्र वाहिनीच काढली. फटका मारताच चेंडूच्या मार्गाची रंगीत रेघ पडद्यावर उमटते. पूर्वी तो ढगात नाहीसा होई आणि आपण नुसते आकाश पाहत बसत असू. मनगट कसे वळले, खांदा कुठे राहिला, हे चित्र थांबवून समजावतात. बीबीसीवर ऐन रंगात आलेला खेळ सोडून दुसऱ्या चॅनेलवर जा अशी सूचना येई, तसला त्रास इथे नाही. जाहिराती मात्र असतात, आणि अमेरिकेतल्या स्पर्धांत तर त्या फार. एकंदरीत, ज्याला गोल्फ कळतो त्याला स्काय जास्त देते, हे मान्य केलेच पाहिजे.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. स्कायवरचे बोलणे ऐकताना सतत जाणवते की ते माहीतगारासाठी आहे. त्याने त्यासाठी पैसे भरले आहेत आणि त्याला तपशील हवा आहे. बीबीसीच्या समालोचकाला हे गृहीत धरता येत नव्हते. त्याच्या श्रोत्यांत क्लबचा सभासद होता, तशीच भाज्या चिरता चिरता डोकावणारी बाईही होती. दोघांना एकाच वेळी सांभाळणे ही एक कला आहे. आपल्या पिढीने ती रेडिओवर ऐकली आहे. बाळ ज. पंडित क्रिकेटचे मराठीतून धावते वर्णन करीत, तेव्हा मैदान कधी न पाहिलेल्या आजीबाईंनाही कोण कुठे उभा आहे ते कळत असे.

बीबीसीवर ही कला पीटर अ‍ॅलिस यांच्याकडे होती. 1931 साली जन्मलेले, आठ वेळा रायडर कप खेळलेले हे गृहस्थ 2020 साली वारले, तोपर्यंत गोल्फचा आवाज म्हणजे अ‍ॅलिस असेच समीकरण होते. ते फटक्यावर थोडे बोलत आणि भोवतालावर पुष्कळ: समुद्रावरून येणारा पाऊस, गर्दीतला एखादा कुत्रा, छत्री सांभाळणारे म्हातारे जोडपे. चेंडू भोकाकडे जात असला की गप्प बसत. त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. बायकांविषयीचे त्यांचे शेरे जुन्या वळणाचे असत. 2015 च्या शेवटच्या दिवशी विजेत्याच्या पत्नीविषयी त्यांनी नव्या स्वयंपाकघराचा विनोद केला, त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण खेळ न कळणाऱ्याला दारातून आत घेऊन बसायला जागा देणे त्यांना जमत असे.

1999 साल आठवा. कार्नूस्टी येथे फ्रान्सचा झाँ व्हान द व्हेल्ड तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आला. सहा फटक्यांत संपवले असते तरी तो जिंकला असता. त्याने चेंडू ओढ्यात घातला, मग बूट-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला आणि तिथून खेळावे की काय, याचा विचार करत उभा राहिला. अ‍ॅलिस यांच्या आवाजात तेव्हा हेटाळणी होती, कीवही होती. घरचा वडीलधारा माणूस हट्टी पोराला ‘नको रे बाबा’ म्हणतो तशी. शेवटी सात फटके झाले आणि जादा होलच्या लढतीत पॉल लॉरी जिंकला. त्या दिवशी ज्यांना गोल्फचा एक नियम ठाऊक नव्हता, त्यांनाही एका माणसाचे नशीब कसे हातातून निसटते ते पुरते समजले.

मी परिचारिका म्हणून या देशातल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे काम केले. वॉर्डाच्या बैठकीच्या खोलीत एक संच असे, आणि जुलैत त्यावर ओपन चालू राही. क्रिकेट किंवा फुटबॉलवरून रुग्णांत वाद होत. गोल्फवरून कधी झाला नाही. हिरवे मैदान, हळू आवाज, दुखणाऱ्या माणसाला झेपेल अशी गती. 2009 साली मी हाडांच्या वॉर्डात होते. त्या वर्षी टर्नबेरी येथे एकोणसाठ वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलपर्यंत पहिला होता. त्याच्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आदल्याच ऑक्टोबरात झालेली. आमच्या खोलीत तीच शस्त्रक्रिया झालेली माणसे वॉकर पुढ्यात ठेवून बसली होती. वॉटसनचा फटका हिरवळीच्या पलीकडे गेला, पुढचा छोटा पट चुकला आणि जादा होलांत स्ट्युअर्ट सिंक जिंकला. आमचे रुग्ण हळहळले. पण नऊ महिन्यांपूर्वी खुबा बदललेला माणूस चार दिवस टेकड्या चढतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी व्यायामाला त्यांना उठवताना मला फार बोलावे लागले नाही. त्यातल्या एकानेही गोल्फसाठी वर्गणी भरली नसती. खाटेशेजारचा पैसे टाकून चालणारा पडदाही बहुतेक जण बंदच ठेवत, कारण तो परवडत नसे. 2016 पासून बैठकीच्या खोलीतल्या संचावर ओपन थेट दिसेनासी झाली.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. 1996 च्या प्रक्षेपण कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतले सामने, उदाहरणार्थ विम्बल्डनचे अंतिम सामने किंवा ग्रँड नॅशनल शर्यत, सर्वांना थेट पाहता यावेत असा दंडक आहे. ओपन आणि रायडर कप दुसऱ्या यादीत आहेत. त्यांच्या बाबतीत सारांश दाखवण्याची सोय असली की पुरे. गोल्फच्या बाबतीत ही तडजोड सर्वांत निरुपयोगी आहे. फुटबॉलचे गोल सारांशात पाहिले तरी थोडी मजा येते. गोल्फचे मर्म वाट पाहण्यात आहे. दोन फटक्यांमध्ये खेळाडू पाच-सात मिनिटे चालतो, कॅडीशी कुजबुजतो, वारा बघतो. त्या चालण्यातच त्याची भीती दिसते. 2016 साली ट्रून येथे हेन्रिक स्टेन्सनने शेवटच्या दिवशी 63 फटक्यांत फेरी संपवली. हरलेला फिल मिकेल्सन तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या अकरा फटके पुढे होता, इतकी ती दोघांची झुंज विलक्षण होती. कापून जोडलेल्या चित्रांत मात्र पट गेला, दुसरा पट गेला, टाळ्या वाजल्या, एवढेच उरते. हल्ली मुले फोनवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाहतात, त्यातही हीच उणीव.

रॉरी मॅकिलरॉय या उत्तर आयर्लंडच्या खेळाडूने 2014 साली हॉयलेक येथे ओपन जिंकली, तेव्हा ती कोणत्याही घरात दिसली. पुढे मास्टर्ससाठी तो झुरत राहिला. एप्रिल 2025 मध्ये, इथल्या घड्याळाप्रमाणे रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास, तो जस्टिन रोझला जादा होलवर हरवून जिंकला आणि चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा सहावा खेळाडू ठरला. तो गुडघे टेकून रडला. हे थेट पाहिले ते वर्गणीदारांनी. बाकीच्यांनी सकाळी बातम्यांत निकाल ऐकला.

दोष एकट्या स्कायचा नाही. स्पर्धा भरवणारी आर अँड ए संस्था म्हणते की जास्त पैसा खेळाच्या वाढीसाठी लागतो, आणि त्यात तथ्य आहे. बीबीसीने तर 2016 चे थेट प्रक्षेपण कराराचे एक वर्ष बाकी असतानाच सोडून दिले. पण ज्या मुलाने खेळ कधी पाहिलाच नाही, तो मैदानावर कशासाठी येईल? इस्राएलमधल्या जुन्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. 1977 साली मक्काबी तेल अवीवने बास्केटबॉलमध्ये मॉस्कोच्या संघाला हरवले, तेव्हा देशात एकच वाहिनी होती. ज्यांना त्या खेळातले काही कळत नव्हते तेही नाचले.

मार्ग अगदीच नाही असे नाही. 14 जुलै 2019 रोजी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्कायने चॅनेल फोरवरही दाखवू दिला, आणि इंग्लंडचा विजय सर्वांनी पाहिला. स्कायचे काही बिघडले नाही. ओपनचे तीन दिवस वर्गणीदारांना खुशाल राहू द्यावेत. शेवटचा रविवार कायद्याच्या पहिल्या यादीत घालून सर्वांना थेट द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत इंग्लंडमधल्या वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरी स्काय आहे त्यांनी जुलैतल्या त्या रविवारी शेजारच्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला चहाला बोलवावे. त्याला खेळ कळत नसेल तर शेजारी बसून समजावून सांगावा, आणि चेंडू भोकाकडे निघाला की गप्प बसावे.