कर्जबुडवा न्यायमूर्ती आणि त्याचा युक्तिवाद

जेम्स विल्सन हे नाव आपल्याकडे सहसा कानावर येत नाही. अमेरिकेतही फारसं कुणी घेत नाही. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन यांच्या गर्दीत स्कॉटलंडहून आलेला हा जाड चष्म्याचा वकील मागेच राहिला. वास्तविक 1776चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787ची राज्यघटना या दोन्हींवर सह्या असलेली माणसं सहाच. त्यांतला हा एक. पुढे वॉशिंग्टनने त्याला पहिल्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं. आणि 1798 साली हा न्यायाधीश, पदावर असतानाच, सावकारांपासून तोंड लपवत नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावी वारला. जमिनींच्या सट्ट्यात तो पार बुडाला होता. कर्जापायी तुरुंगही पाहून झाला होता.

त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांना हा शेवट फार आवडतो. सार्वभौमत्व राजाकडेही नाही, सरकारकडेही नाही, ते लोकांकडे आहे, असं शिकवणारा हा विद्वान, आणि घरचा हिशेब त्याला जमला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आम्हांला ही टीका आळशीपणाची वाटते.

1793चा चिझम विरुद्ध जॉर्जिया हा खटला घ्या. युद्धकाळात जॉर्जिया राज्याला माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे पैसे थकले. व्यापारी वारला; त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने थेट राज्यावर दावा लावला. जॉर्जियाचं म्हणणं, आम्ही सार्वभौम, आम्हांला कोर्टात कोण खेचणार? विल्सनचं उत्तर असं, की राज्य ही माणसांनी रचलेली वस्तू. एकटा माणूस कराराने बांधला जातो, तर अनेक माणसं एकत्र आली म्हणून ती सुटतात कशी? देणं बुडवणारं राज्य आणि देणं बुडवणारा व्यापारी यांत त्याला काही फरक दिसेना. (निकालपत्रात तो थॉमस रीड या तत्त्वज्ञाचं नाव घेतो, हे आमच्यासारख्यांना सुखावतं. असो.) राज्यं इतकी खवळली, की 1795त अकरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन हा निकाल निकामी झाला.

आता, हे लिहिणारा स्वतः कर्जबुडवा निघाला, म्हणून युक्तिवाद खोटा पडतो का? मुळीच नाही. उलट देणेकऱ्याला कायदा गाठतो, मग तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश का असेना, हे त्याच्याच म्हणण्याला धरून झालं! आणि गंमत बघा, त्या खटल्यात एकट्याने विरोधी मत दिलेला जेम्स आयर्डेल हा ईडेंटनचाच. विल्सन अखेर आसऱ्याला गेला तो त्याच्या गावी.

टीकाकारांनी थांबायला हवं ते दुसऱ्याच ठिकाणी. 11 जून 1787, फिलाडेल्फियाची घटनापरिषद. राज्यांचे प्रतिनिधी किती, हे ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरावी, हा ठराव मांडला कुणी? विल्सनने. बरोबर महिन्याने, 11 जुलैला, त्यानेच त्यावर बोट ठेवलं. गुलामांना नागरिक म्हणून मोजायचं? मग गोऱ्यांच्या बरोबरीने का नाही? मालमत्ता म्हणून मोजायचं? मग बाकीची मालमत्ता का सोडायची? यामागे तत्त्व कोणतं, ते आपल्याला दिसत नाही, असं तो म्हणाला. पण तडजोड आवश्यक आहे, तेव्हा या अडचणी बाजूला ठेवू.

म्हणजे त्याला कळत होतं. 'आधी माणूस, मग राज्य' हा ज्याच्या विचाराचा पाया, त्याने राज्य उभं करायला माणसाचाच अपूर्णांक केला. दिवाळखोरी विल्सनच्या आयुष्यात घडली, तिने त्याचं एक वाक्यही खोडलं जात नाही. हा दोष मात्र थेट विचारातला आहे, बरं का. तडजोडीवाचून संघराज्य झालंच नसतं, असं त्याचे कैवारी सांगतात. असेलही. त्याने तो ठराव का मांडला, एवढंच त्यातून कळतं.

त्याच वर्षी डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाच्या परिषदेत त्याने आशा दाखवली: 1808पासून गुलामांची आयात बंद करता येईल, गुलामगिरी संपवण्याचा हा पाया आहे. आयात 1808 साली कायद्याने बंद झालीही. 1790च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. 1860त ते चाळीस लाखांच्या घरात गेले.