८×४२ : एका ओळीचं वाचन

दुर्बिणीच्या अंगावर कोरलेली ओळ सहसा कुणी वाचत नाही. वाचलीच, तर पहिल्या आकड्याशी थांबतात. '८×४२'. म्हणजे आठपट मोठं दिसणार, झालं. गिऱ्हाईक लगेच विचारतं, वीसची नाही का?

आठ म्हणजे ऐंशी मीटरवरचं चितळ दहा मीटरवर आल्यासारखं. ताडोब्यात याहून जास्तीची हाव कामाची नाही. बांबूच्या बेटांत मुळात लांबचं दिसतच नाही, आणि जिप्सीत उभं राहिलं की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते. सिरोंच्याकडे, प्राणहितेच्या रुंद पात्रात, पलीकडच्या काठावरचे पक्षी ओळखायला दहाची दुर्बीण शोभते खरी. पण उन्हं चढली की तापलेल्या वाळूवरची हवा हलायला लागते, आणि दहाची दुर्बीण ती हालचालही दहापट करून दाखवते.

ओळीचा जीव दुसऱ्या आकड्यात आहे. ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मधलं चिन्ह मात्र चकवा आहे. लिहिलाय गुणाकार, अर्थ दडलाय भागाकारात! ४२ भागिले ८, सव्वापाच. दुर्बीण आभाळाकडे रोखून हातभर लांब धरा. डोळ्याकडच्या भिंगात जो उजळ गोल ठिपका दिसतो, त्याची ही रुंदी. तेवढाच प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आक्रसलेली असते, तेव्हा खिशात मावणारी ८×२५ सुद्धा चालून जाते. अंधारात मात्र तरुण बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. माझ्या वयाला सव्वापाच नेमके पुरतात. ८×५६ गळ्यात वागवायची हौस तरुणांनी करावी.

शिकाऱ्याच्या बंदुकीवरची दुर्बीणही याच लिपीतली. ४×३२, म्हणजे भागाकार आठ. वाढवून दाखवणं कमी, उजेड भरपूर. कारण जनावर पाण्यावर यायचं ते तिन्हीसांजेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपत गेली. मचाण तेवढं उरलं, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री त्यावर बसून पाणवठ्याला येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची रीत पडली.

अशाच एका रात्री मोहाच्या सावलीत काहीतरी काळं हललं. सोबत्याच्या हातात ८×२५, म्हणजे भागाकार जेमतेम तीन. तो म्हणाला, "रानडुक्कर." मी दुर्बीण लावली, चाक हळूहळू फिरवलं. मधल्या बांबूच्या काड्या धूसर होत विरून गेल्या आणि मागे झिपरे कान उमटले. नोंदवहीत लिहिलं, 'अस्वल, १'. तेवढ्यात ते सावलीतून पाण्याकडे वळलं. पाठीवर केसांत घट्ट रुतलेलं पिल्लू होतं. एकचे दोन केले.