‘वेटिंग फॉर गोदो’मधील भांडण आणि मैत्री : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक मूळ फ्रेंच भाषेतील आहे. ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिस येथे रॉजे ब्लँ यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. मार्टिन एसलिन यांचा ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर असंगत नाट्याची चर्चा सर्वत्र रूढ झाली. ‘मानवी संवादाची अशक्यता’ हे या नाटकाचे सूत्र आपणही वर्गात सांगत आलो आहोत. व्लादिमिर आणि एस्ट्रॅगॉन या मित्रांची अखंड भांडणे हा त्याचा पुरावा मानला जातो. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भांडणातील सहवास

हे दोघे सुमारे पन्नास वर्षे एकत्र आहेत. एस्ट्रॅगॉनने एकदा ऱ्होन नदीत उडी घेतली असता व्लादिमिरनेच त्याला बाहेर काढले. खिशातील गाजर तो मित्राला देतो. मित्राला झोप लागताच स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घालतो आणि थंडीत येरझाऱ्या घालीत राहतो. मात्र तोच व्लादिमिर मित्राची स्वप्ने ऐकून घेण्यास साफ नकार देतो, तर एस्ट्रॅगॉन वारंवार विभक्त होण्याची भाषा करतो. त्यामुळे ‘वरवर भांडण, अंतरी प्रेम’ अशी सोपी विभागणी येथे लागू पडत नाही. भांडण हा त्यांच्या सहवासाचाच नित्य व्यवहार आहे.

शिव्यांचे दोन खेळ

दुसऱ्या अंकात शिव्यांचे दोन खेळ जवळजवळ लागोपाठ येतात. पहिल्या खेळात ते पोझो आणि त्याचा दास लकी यांची नक्कल करतात. लकी झालेला व्लादिमिर मित्राला आपणास शिव्या देण्यास सांगतो. इंग्रजी संहितेत एस्ट्रॅगॉनला प्रथम लहान मुलाला रागवावे एवढाच शब्द सुचतो. जहाल शब्द त्याच्याकडून वदवून घ्यावे लागतात. अखेर तो निघून जातो आणि खेळ मोडतो.

दुसऱ्या खेळाचा उगम अतिसौजन्यात आहे. ‘आधी तू बोल’ या आग्रहातून वाद पेटतो आणि एस्ट्रॅगॉनच्याच सूचनेवरून दोघे आळीपाळीने शिव्या देऊ लागतात. ‘समीक्षक’ ही शिवी उच्चारली जाताच व्लादिमिर हतबल होतो. त्यानंतर समेट, हस्तांदोलन आणि आलिंगन!

येथे एक पाठभेद महत्त्वाचा आहे. फ्रेंच संहितेत या शिव्या दिलेल्याच नाहीत. शिव्यांची देवाणघेवाण होते, एवढीच रंगसूचना आहे. बेकेट यांनी स्वतः केलेल्या इंग्रजी रूपांतरात त्या शब्दशः आल्या. म्हणजे मूळ कल्पनेत शब्दांपेक्षा देवाणघेवाणीला महत्त्व होते.

परतफेडीचा अधिकार

पोझोही लकीला सतत हिणवितो. परंतु लकीच्या गळ्यात दोर आहे आणि पोझोला उलट उत्तर देण्याची त्याला मुभा नाही. दुसऱ्या अंकात तर तो मुका झालेला आहे. दोन्ही जोड्यांच्या तोंडी अपशब्द आहेत. पण एका जोडीत ते परत येतात, दुसरीत येत नाहीत. मैत्री आणि दास्य यांतील सीमारेषा बेकेट यांनी येथे आखली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवी परत करता येणे, हे या नाटकातील समतेचे लक्षण आहे. ज्याला संवादाची अशक्यता म्हटले जाते, तो वस्तुतः संवाद चालू ठेवण्याचा आटापिटा आहे.

समारोप

या वाचनाने नाटकातील एकाकीपणा नाहीसा होत नाही. गोदो येत नाही आणि पडदा पडतो तेव्हा दोघे जागचे हलत नाहीत. तथापि त्या निश्चल अवस्थेतही ते एकत्र आहेत. महाविद्यालयीन जीवनात ‘आम्ही मित्र आहोत, ही तर गंमत होती’ हा बचाव आपल्या कानांवर वारंवार येतो. तो कधी खरा असतो, कधी क्रौर्य झाकण्यासाठी पुढे केलेला असतो. अशा वेळी उच्चारलेला शब्द किती कठोर होता, एवढेच तपासून भागत नाही. ज्याला तो ऐकावा लागला, त्याला निर्भयपणे उलट बोलता येत होते काय, हेही विचारावे लागते. हे नाटक शिकविताना ‘असंगतता’ या पारिभाषिक संज्ञेइतकाच हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला जावा.