पुढारी घडतो कसा? ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा वाचताना

आमच्या महिला मंडळाची मी सलग नऊ वर्षं अध्यक्ष होते. ‘भाभी, तुमच्याशिवाय मंडळ चालायचंच नाही,’ असं सगळ्या म्हणायच्या आणि मला ते गोड वाटायचं. मग गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चार महिने घरात बसावं लागलं, आणि मंडळ खरंच चाललं नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे, पासबुक माझ्याकडे, कुणाला काय काम सांगायचं ते माझ्या डोक्यात. त्या सक्तीच्या विश्रांतीत गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा हातात घेतलं. कॉलेजात असताना ते पिळवणुकीची कहाणी म्हणून वाचलं होतं. या वेळी त्यात वेगळंच काही दिसलं.

१९७० साली आलेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या पुस्तकातला मुलूख आम्हा सिल्वासावाल्यांना परका नाही. तलासरी, डहाणू ही आमची शेजारची गावं. वारली सीमेच्या अलीकडेही आहेत, पलीकडेही. सावकार-जमीनदारांची फुकट वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे ‘लग्नगडी’ यांची ही हकिकत आहे. वाचताना मी अस्वस्थ झाले, कारण यातला सावकार मला ओळखीचा वाटला. आमच्या सासऱ्यांच्या दुकानात वारली गिऱ्हाईक ओट्याखाली उभं राहायचं. वही आमची, पेन आमचं, आकडाही आमचाच. अंगठा तेवढा त्याचा. लबाडी झाली असं मी म्हणत नाही. पण वही उलटी धरून दाखवली असती तरी त्याला कळलं नसतं, आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, हे खरं.

या पुस्तकाचं मोठेपण मला त्याच्या नावातल्या क्रियापदात दिसतं. माणूस जागा ‘होतो’. गोदूताईंनी ‘मी जागा केला’ असं म्हटलं नाही. पुण्याच्या सुखवस्तू घरातली, कायद्याची पदवी घेतलेली ही बाई. भाषणं ठोकून परत जाणं तिला सहज जमलं असतं. पण ती झोपड्यांत राहिली, पायी हिंडली, त्यांची बोली कानांत साठवत गेली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे झरी गावचा माह्या धांगडा काही वारल्यांसह गेला होता. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीलाच परिषद झाली आणि पाचेक हजार वारली जमले. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर राबायचं नाही, असं ठरलं. मग ही गोष्ट पाड्यापाड्यांत नेली ती वारल्यांनीच. पुढारी घडतो तो असा, एक गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगता सांगता.

पुढचा प्रसंग मात्र गुंतागुंतीचा आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी हूल उठली आणि हजारो वारली तलवाड्याला धावले. गोदूताई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले, जेठ्या गांगड त्यांतला एक. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. प्रेम होतं म्हणून लोक धावले, आणि एका नावावर एवढं प्रेम होतं म्हणूनच त्यांना फसवता आलं. पुढे परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून हद्दपार केलं. तेव्हा सगळं ढासळायला हवं होतं, नाही का? ढासळलं नाही. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत म्हणून वारल्यांचा संप चालूच राहिला. माझ्या मते नेतृत्वाची परीक्षा तलवाड्याला जमलेल्या गर्दीत नव्हती, या संपात होती.

तक्रार एकच. सगळं आपण गोदूताईंच्या डोळ्यांनी पाहतो. माह्याला रात्री झोपडीत परतल्यावर भीती वाटली असेल का, बायको त्याला काय म्हणाली असेल, हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. हा दोष लेखिकेचा म्हणावा, की ज्यांनी अक्षर आपल्याच ओट्यावर ठेवलं त्यांचा? सिल्वासात दर २ ऑगस्टला १९५४ च्या मुक्तीची भाषणं होतात. सुधीर फडक्यांसारखी नावं आदरानं घेतली जातात, आणि घ्यायलाच हवीत. पण त्या लढ्यात उतरलेल्या वारल्यांचं एकही नाव भाषणातून ऐकल्याचं मला आठवत नाही.

आम्ही अपरिग्रहाचं व्रत सांगतो, पण ते धान्य-कपडे-दागिन्यांपुरतं. खुर्चीचाही परिग्रह होतो, हे मला पलंगावर पडल्यावर उमगलं. बरी होऊन पहिल्यांदा मंडळात गेले तेव्हा किल्ली आणि पासबुक घेऊनच गेले. सगळ्यांत कमी बोलणाऱ्या, मागच्या चटईवर बसणाऱ्या एका तरुण सुनेला अध्यक्ष केलं. पहिल्याच महिन्याच्या हिशोबात तिचे एकशे दहा रुपये जुळेनात. चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. तोंडाशी आलेले शब्द गिळून मी शेंगा सोलत बसले. अर्ध्या तासानं तीच म्हणाली, ‘भाभी, सापडले.’

खरं सांगते, नऊ वर्षांत मला सगळ्यांत अवघड गेला तो हा अर्धा तास.