यंत्राने लिहिलेले ‘माझे अपयश’

अमेरिकेतील बऱ्याच महाविद्यालयांत प्रवेशासाठी गुणांबरोबर एक निबंधही पाठवावा लागतो. ‘कॉमन अ‍ॅप’ या हजाराहून अधिक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात त्याला ६५० शब्दांची मर्यादा आहे. एखादे अपयश आणि त्यातून मिळालेला धडा, अशा तऱ्हेचे विषय असतात. आपल्याकडील काही विद्यार्थीही हा अर्ज भरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि असा निबंध मिनिटभरात तयार मिळू लागला.

अपयशाचा विषय आम्ही यंत्राला देऊन पाहिला. निबंध निर्दोष आला. स्पर्धेच्या आदल्या रात्री यंत्रमानव बिघडतो, मित्र जागतात, शेवटी ‘अपयश हाच गुरू’. पुन्हा मागितला, प्रसंग बदलला, गुरू तोच. पण बिघडले नेमके काय, चूक कोणाची, याचा पत्ता नाही.

असे का व्हावे? आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ही यंत्रणा प्रचंड मजकुरावरून शिकते आणि त्यानुसार शब्द निवडत जाते. त्यामुळे बहुतेकांनी जे लिहिले असते तेच तिच्याकडून येते. निबंध मागवतात तो मात्र हा विद्यार्थी इतरांहून वेगळा कसा, हे कळावे म्हणून.

पूर्वीही श्रीमंत मुले सल्लागाराला पैसे देऊन निबंध सुधारून घेत. यंत्राने ती सोय सर्वांना दिली, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. व्याकरण तपासून घेण्याला आमची हरकत नाही. पण आशयच यंत्राचा असेल, तर २०२३ पासून कॉमन अ‍ॅपच्या नियमांत ती फसवणूक ठरते.

ती पकडायची कशी? ओळखणारी अनेक यंत्रे मजकुरातील शब्द किती अपेक्षित आहेत हे मोजतात. परभाषेत लिहिणाऱ्याचे शब्द मोजके, वाक्ये सरळ. म्हणून संशय त्याच्यावरच येतो. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. सारे माणसांनी लिहिलेले. तरी सरासरी ६१ टक्के यंत्रलिखित ठरले. त्याच वर्षी ओपनएआयने आपले ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून मागे घेतले. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीने स्वतः कष्टाने लिहिलेला निबंधही असाच खोटा ठरू शकतो.

म्हणून निवाडा यंत्रावर सोपवू नये. विद्यार्थ्याला समोर बसवावे, कच्चे खर्डे पाहावेत, आणि विचारावे: त्या दिवशी काय झाले? जवळ कोण होते? आधी हे मराठीत सांगू द्यावे. मात्र ‘पावसाळ्यातील एक दिवस’ गाईडमधून उतरवून आणणाऱ्यास आपण वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले असतील, तर या प्रश्नांची सवय आधी आपल्यालाच करून घ्यावी लागेल.