अनुकरण आणि स्वत्व

चित्रप्रदर्शनास जाणाऱ्या रसिकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकू येते. नव्या चित्रकाराच्या चित्रापुढे क्षणभर उभे राहावयाचे, 'हे तर अमक्याचेच' असे म्हणावयाचे आणि पुढील चित्राकडे वळावयाचे. आम्ही स्वतः या दोषातून मुक्त आहोत असे नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या करड्या रंगातील चित्रांसंबंधी चार लोकांसमक्ष आम्ही 'गायतोंडे' एवढा एकच शब्द उच्चारला होता. ती मुलगी काही बोलली नाही. त्या शब्दाने आम्ही काय सांगितले आणि काय पाहावयाचे टाळले, याचा विचार पुढे बरेच दिवस मनात घोळत राहिला. प्रस्तुत लेख त्या विचाराचेच फळ आहे.

'अनुकरण' हा शब्द आज निवाड्याचा शब्द होऊन बसला आहे; वास्तविक त्याने चौकशीस आरंभ व्हावयास हवा. साम्य दिसले, येथवर ठीक. परंतु ते कोणत्या जातीचे आहे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आपल्या साहित्यशास्त्रात हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन याने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्यास 'संवाद' असे म्हणून त्याचे तीन प्रकार केले आहेत. पहिले साम्य प्रतिबिंबासारखे. आरशातील आकृतीला स्वतःचा आत्मा नसतो. दुसरे आलेख्यासारखे, म्हणजे मनुष्य आणि त्याचे चित्र यांतील साम्यासारखे; येथे आत्मा आहे, पण तो क्षुद्र. तिसरे साम्य तुल्यदेही, म्हणजे दोन माणसांची चेहरेपट्टी जुळावी तसे. देह सारखा, जीव मात्र ज्याचा त्याचा. पहिली दोन साम्ये त्याज्य आणि तिसरे ग्राह्य, असा त्याचा निर्णय आहे. हे विवेचन काव्यापुरते आहे आणि दुसऱ्या प्रकाराच्या नावात चित्रकलेला काहीसा कमीपणा आला आहे, हे खरे. तथापि आजच्या कलादालनात उभे राहून विचार करताना या विभागणीइतके उपयोगी साधन आम्हांस दुसरे आढळले नाही.

ज्यांचे नाव आम्ही इतक्या सहजपणे वापरले, त्या वासुदेव गायतोंडे यांच्यापासूनच आरंभ करू. मूळ गोमंतकीय घराण्यातील गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. १९५०च्या सुमाराच्या त्यांच्या चित्रांत पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची छाया कोणासही दिसेल. तीच नाजूक रेषा, तेच रंगांचे छोटे तुकडे. तेवढ्यावरच थांबून कोणी त्यांना क्लेचे अनुयायी ठरविले असते, तर तो आरोप वस्तुस्थितीस धरून असता. परंतु त्यांच्या कलेविषयी त्याने काहीच सांगितले नसते. दशकाच्या अखेरीस आकृती गळून पडली आणि रोलर व रंगसुरी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविण्याची व खरवडण्याची त्यांची स्वतःची रीत सिद्ध झाली. पुढे १९६४ साली ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि रॉथकोशी त्यांची तुलना होऊ लागली. तीही बाह्यतः चूक नाही. परंतु त्यापूर्वीच आकृतीचा त्याग झालेला होता, हे ती तुलना करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

आज गायतोंडे यांच्या वळणाची धुकट, प्रशांत, मोठाल्या आकाराची चित्रे कोणत्याही शहरातील कलादालनात भेटतात. त्यांतील बहुतेकांस आम्ही प्रतिबिंबे म्हणू, आणि तसे म्हणण्यास कारणही देऊ. गायतोंडे यांच्या चित्रात प्रकाश खालच्या थरांतून वर येतो. तो पृष्ठभागावर लावलेला नसतो, खरवडून उघडा केलेला असतो. अनुयायांच्या चित्रांत धुके वरून पसरलेले असते. त्याखाली काही नसते. शांततेचा परिणाम तेवढा घेतला गेला आणि ती जिच्यातून निर्माण झाली ती प्रक्रिया मागे राहिली. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करणाऱ्या माणसाची शांतता उसनी आणता येत नाही.

दुसरे उदाहरण साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचे. त्यांच्या जाड काळ्या रेषेवरून त्यांचे नाते फ्रेंच चित्रकार रुओ यांच्याशी जोडले जाते. रुओ तरुणपणी रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करीत होते. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीसारखी त्यांची रेषा रंगाला कवेत धरते आणि रंग आतून उजळतो. सोझांची रेषा हे काम करीत नाही. १९५९ सालच्या त्यांच्या 'क्रूसारोहण' या चित्रात ती देहाला कवेत घेत नाही, ओरबाडते. रुओच्या ख्रिस्ताकडे पाहून करुणा दाटते, सोझांच्या ख्रिस्ताकडे पाहून भय वाटते. लहानपणी देवीच्या रोगातून वाचल्यावर संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने ज्याचे नाव ठेवले गेले, त्या गोव्यातील मुलाने चर्चमध्ये जे पाहिले ते पॅरिसमधून आलेले नव्हते. चेहरेपट्टी जुळते, जीव निराळा आहे. हाच तो तुल्यदेही संवाद.

येथे एका अन्यायाचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. १९५९ साली आधुनिक भारतीय कलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर यांनी गगनेंद्रनाथ टागोरांच्या घनवादी धाटणीच्या चित्रांना पिकासोच्या मापाने मोजून हीन ठरविले. पार्थ मित्तर यांनी पुढे या दृष्टीचे परखड परीक्षण केले आहे. पिकासोने १९०७ साली आपल्या विख्यात चित्रातील स्त्रियांना आफ्रिकी मुखवट्यांचे चेहरे दिले, तेव्हा त्यास क्रांती म्हटले गेले. कोलकात्याच्या चित्रकाराने पॅरिसपासून काही घेतले तर ती उसनवारी ठरली. घेणारा कोण आणि देणारा कोण यावरून शब्द बदलत असेल, तर तो शब्द कलेचा राहिला नाही, सत्तेचा झाला.

परंतु या अन्यायाची ढाल करून आपल्या माणसांची परीक्षाच टाळणे हेही योग्य नव्हे. नारायण श्रीधर बेंद्रे यांचा प्रश्न आम्हांस या दृष्टीने अवघड वाटतो. इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली ते तयार झाले आणि १९५०पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत त्यांनी अध्यापन केले. इंदूर आणि बडोदे या दोन्ही ठिकाणच्या मराठी माणसास त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रे काढली, घनवाद हाताळला, अमूर्ताकडे वळले आणि उत्तरायुष्यात बिंदुवादाचा अवलंब केला. या प्रत्येक वळणावरील त्यांचे प्रभुत्व निर्विवाद आहे; परंतु काही चित्रांत ती शैली त्यांना भेटली असे वाटण्याऐवजी त्यांनी ती अभ्यासिली असे वाटते, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. ही आलेख्याची पायरी होय. तथापि ज्योती भट्ट किंवा गुलाम मोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी ना परस्परांसारखे आहेत, ना बेंद्र्यांसारखे. इतक्या शैली ज्याच्या हाती होत्या, त्याने आपल्या शिष्यांवर एकही लादली नाही. शिक्षकाच्या स्वत्वाचे मोजमाप त्याच्या चित्रांपुरतेच करणे अपुरे आहे.

आनंदवर्धनाच्या विभागणीत न बसणारा एक प्रकार आपल्या काळाने निर्माण केला आहे. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेत राजा रविवर्म्याच्या चित्रांतील स्त्रिया स्वतः वेष धारण करून पुन्हा उभ्या केल्या. नेपथ्य तेच, पवित्रा तोच. हे उघड प्रतिबिंब आहे. परंतु येथे आरसा मुद्दाम धरलेला आहे. १८९४ साली मुंबईत निघालेल्या छापखान्यातून रविवर्म्याची लक्ष्मी घरोघर पोहोचली आणि आपण तिलाच लक्ष्मी मानू लागलो. तिच्या जागी एक हाडामांसाची ओळखीची स्त्री दिसताच, आपण इतकी वर्षे काय पाहत होतो असा प्रश्न पडतो. हा प्रश्न पाडणे हेच त्या कृतीचे स्वत्व. अशा अनुकरणात मूळ लपविलेले नसते. किंबहुना ते ओळखले गेले नाही तर कृतीच फसते.

सर्वांत कमी चर्चिलेले अनुकरण मात्र स्वतःचे स्वतः केलेले असते. इंदुरात वाढलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. त्या चित्रात एका तरुण हाताचा शोध दिसतो. उत्तरकाळातील त्यांच्या असंख्य घोड्यांत तोच वेग सर्वत्र आहे असे आम्हांस म्हणता येत नाही. ग्राहक घोडा मागतो, कलादालन घोडा मागते आणि हाताला तो पाठ झालेला असतो. ओळखू येणारी शैली ही एकदा विक्रीची खूण झाली, म्हणजे चित्रकारास दुसऱ्याच्या अनुकरणापासून वाचविणारे तेच स्वत्व त्यास स्वतःच्या अनुकरणात अडकविते. आणि यास कोणी अनुकरण म्हणत नाही, सातत्य म्हणतात.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एवढेच सांगावयाचे आहे, की विद्यार्थी नक्कल करूनच शिकतो. त्याने काय घेतले हे दाखविणे सोपे आहे. घेतल्यावर त्याने त्याचे काय केले, हे पाहण्यास वेळ लागतो. तो वेळ देणे हे समीक्षकाचे काम आहे.

त्या विद्यार्थिनीची चित्रे आम्ही पुढे पुन्हा एकदा पाहिली. दोन चित्रांत खरोखरच केवळ गायतोंडे होते. तिसऱ्यात खालचा थर अर्धवट खरवडून पावसाळ्यानंतरच्या भिंतीवर येते तशी एक ओल उघडी केलेली होती. ती गायतोंडे यांच्या कोणत्याही चित्रात आम्ही पाहिलेली नाही. पहिल्या दिवशीही ती तेथे होतीच. आम्ही मात्र नाव सापडल्याच्या आनंदात पुढे निघून गेलो होतो.